डब्यात नको, भिशीच्या ताटात बघा

‘हार्मोन्स बिघडलेत’ हे वाक्य सध्या लग्नाच्या हॉलपासून जिमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि त्याच्या मागोमाग एक डबा येतो. बियांचा, पावडरीचा, नाहीतर गोळ्यांचा. मुंबई परिसरात ऑनलाइन मागवलेले असे कितीतरी डबे आपल्या भिवंडीच्या गोदामांतून निघतात. मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे इथे रात्रभर माल चढत-उतरत असतो. ते खोके उचलणारा विशीतला मुलगा रात्री दोन वाजता वडापाव आणि कटिंगवर वेळ मारून नेतो. डबा मागवणाऱ्यापेक्षा डबा उचलणाऱ्याच्या हार्मोन्सना जास्त धोका आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हा लेख त्याचा आणि त्याच्यासारख्या लाखभर रात्रपाळीवाल्यांचा.

हार्मोन्स बनतात ताटातल्या अन्नातून. इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्लांच्या दोन जोडलेल्या साखळ्या, आणि अमिनो आम्लं मिळतात प्रथिनांतून. थायरॉईडच्या टी-फोरमध्ये आयोडीनचे चार अणू असतात, टी-थ्रीमध्ये तीन. हे आयोडीन जागेवर बसवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं आणि टी-फोरचं टी-थ्री करणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन चरबीच्या पेशी बनवतात; ते 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. अंगावर चरबी फारच कमी झाली तर लेप्टिन घसरतं, मेंदू ‘दिवस वाईट आहेत’ असं समजतो आणि बाईची पाळी बंद करतो. जास्त झाली तर इन्सुलिनचं ऐकणंच शरीर सोडून देतं. दोन्ही टोकांचे लोक धामणकर नाक्यावर एकाच रिक्षात बसलेले सापडतील.

आता यंत्रमागाकडे चला. शांतीनगर, गायबीनगर, नागाव, नारपोली. बारा तासांची पाळी, आठवडा बदलला की दिवसाची रात्र. कारीगर उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा, मजुरी मीटरवर. माग थांबला की मीटर थांबतो, म्हणून जेवायला माग सोडून जाणं त्याला परवडत नाही. तो जेवतो भिशीत. भिशी म्हणजे महिन्याच्या बोलीवर चालणारी कारीगरांची खाणावळ, बऱ्याचदा एखादी बाईच आपल्या दोन खोल्यांत चालवते. ताट एकदा नीट बघा. मधोमध भाताचा डोंगर, त्यावर पातळ डाळ, दोन रोट्या, बटाट्याची रस्साभाजी, मीठ-मिरची. डाळीत डाव फिरवला तर तळाशी दाणे लागतात, वर नुसतं पिवळं पाणी. दहा मिनिटांत ताट साफ, बिडी, आणि परत मागावर. मग पहाटेपर्यंत चहा, खारी, पुन्हा चहा. सकाळी पाळी सुटली की पुन्हा भात आणि त्याच घामट खोलीत झोप, जिथून दिवसपाळीवाला नुकताच उठून गेलेला असतो.

या वेळापत्रकाचं शरीर काय करतं, हे मोजलेलं आहे. 2009 मध्ये अमेरिकेत फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी 10 जणांचं झोपण्या-जेवण्याचं घड्याळ मुद्दाम उलटं केलं. 12 तासांची उलटापालट झाल्यावर लेप्टिन 17 टक्क्यांनी उतरलं. इन्सुलिन 22 टक्क्यांनी वाढूनही रक्तातली साखर 6 टक्क्यांनी चढलीच. पूर्ण धडधाकट माणसं होती ती. रात्रपाळीच्या कारीगरात हेच दर पंधरवड्याला घडतं, वर्षानुवर्षं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं आणि ते इन्सुलिनचा हात आखडायला लावतं. रात्री दोनला भाताचा डोंगर पोटात गेला तर तो उपसायला इन्सुलिन पुरं पडत नाही. मग चाळिशी गाठण्याआधीच ‘शुगर’ निघते, आणि डॉक्टर विचारतो, ‘गोड फार खाता का?’ गोड खायला त्याला मिळतं कुठे?

यातली दिलासा देणारी गोष्ट 2021 मध्ये कळली. साराह चेलप्पा आणि शीअर यांनी 19 तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. निम्म्यांना रात्रीही जेवायला दिलं, बाकीच्यांचं जेवण फक्त दिवसाच्या वेळेत ठेवलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर 6.4 टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवणाऱ्यांच्या साखरेत लक्षात घेण्याजोगी वाढ झाली नाही. जागरण तेच, काम तेच, फक्त जेवणाची वेळ बदललेली.

मागावर बारा तास उभं राहणाऱ्याला रात्रभर उपाशी राहा, असं कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. मीही सांगत नाही. पण मोठं जेवण पाळीवर चढण्याआधी, संध्याकाळी सातच्या आत होऊ शकतं. मध्यरात्री भाताऐवजी उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे, वाटीभर मोडाची मटकी चालू शकते. साखरेचा तिसरा-चौथा चहा टळू शकतो. ज्याला आधीच मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्याने मात्र वेळा बदलताना डॉक्टरला विचारावं, नाहीतर साखर भलतीकडेच जाईल.

‘कामगार ऐकणार नाहीत’ असं मालक म्हणतात. हे मला पटत नाही. याच शहरात रमजानच्या महिन्यात सहरी आणि इफ्तारची वेळ मिनिटावर पाळली जाते. याच शहरात सूर्यास्ताआधी ताट उचलणारी ओसवाल जैन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. जेवणाचं घड्याळ पाळणं भिवंडीला कुणी शिकवायला नको. अडचण इतकीच की कारीगराचं घड्याळ कारीगराच्या हातात नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने दिवसाला 9 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहून ठेवली होती. 250 हून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृहसुद्धा. आपल्याकडे मात्र एकाच छताखालच्या मागांचे कागदावर पाच तुकडे केले जातात. कुणाच्याही नावावर पुरते कामगार भरत नाहीत आणि कुणालाही विश्रांतीची वेळ द्यावी लागत नाही. सेठ, तुमचं बीपी आणि तुमची शुगर सांभाळायला घरी वेगळा स्वयंपाक होतो ना? मग मागावरच्या माणसाला संध्याकाळी अर्धा तास लवकर सोडा. तेवढ्याने तागा कमी पडणार नाही.

वेळेइतकंच महत्त्व ताटात काय आहे याला. इथे बक्सरच्या एका माणसाची आठवण काढायलाच हवी, कारण आपले कितीतरी कारीगर त्याच मुलखातून येतात. आनंद प्रसाद. बिहारमध्ये जन्मले, डॉक्टर झाले, अमेरिकेत शिकले आणि 1958 मध्ये इराणमधल्या शिराझला पोचले. तिथे त्यांच्यासमोर एक 21 वर्षांचा तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा मुलगा. ना दाढी-मिशी, ना उंची, ना वयात आल्याची एकही खूण. असे रुग्ण आणखी निघाले. जेवण म्हणजे मुख्यतः बिनखमिराची गव्हाची रोटी, आणि वर माती खायची सवय. प्रसादांनी 1961 मध्ये शंका मांडली की या मुलांना जस्त मिळत नाही. पुढे इजिप्तमध्ये तशाच मुलांवर काम करताना ती खरी ठरली. जस्त दिल्यावर ती उंच झाली, वयात आली. पुरुषपणाचं हार्मोन अडून बसलं होतं ते एका धातूच्या कणांवाचून. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं आणि ते जस्त-लोह धरून ठेवतं, सोडत नाही.

आपल्या आज्यांनी फायटेट हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण त्या कडधान्य भिजवून, फडक्यात बांधून मोड आणत होत्या आणि पीठ आंबवून आंबोळ्या करत होत्या. भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने फायटेट फुटतं आणि जस्त-लोह मोकळं होतं. पद्मानगरच्या तेलुगू घरांत इडली-डोशाचं पीठ रोज आंबतं, तेही याच कामाचं. म्हणून भिशी चालवणाऱ्या ताईंना माझं हात जोडून सांगणं आहे: आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी मोडाची उसळ करा, वर लिंबाची फोड द्या. लिंबाने लोह अंगी लागतं. आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका. चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. तासाभराने द्या.

जिमवाल्यांना वेगळं सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं स्पष्ट म्हटलंय, आणि दिवसाची निम्म्याहून कमी ऊर्जा, 45 टक्क्यांपर्यंतच, तृणधान्यांतून यावी असंही. भिशीच्या ताटात तर भात-रोटीच सगळं व्यापून बसलेली असते. ज्याच्या ताटात प्रथिनं आधीच पुरेशी आहेत तो पावडर विकत घेतो, आणि ज्याला खरी गरज आहे तो पिवळ्या पाण्यात रोटी बुडवतो.

मिठाकडे येऊ. इथे सुशिक्षित घरांना बोलल्याशिवाय राहवत नाही. थायरॉईडला लागणारं आयोडीन आपल्याला मुख्यतः मिठातूनच मिळतं. देशाने 1962 मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. बिगरआयोडीन मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. 2000 मध्ये ती उठली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. एवढी लढाई लढून गळ्याच्या गाठी कमी झाल्या. आणि आता कुणीतरी मोबाइलवर सांगितलं म्हणून आपण घरचं मीठ बाजूला सारून गुलाबी सैंधव आणतो, ‘नैसर्गिक’ म्हणून. त्यात आयोडीन जवळजवळ नसतंच. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250. पोटातल्या बाळाचा मेंदू घडतो तो आईच्या थायरॉईडवर. थायरॉईडचे आज दिसणारे बरेचसे आजार शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यामुळे होतात, ते मिठाने बरे होणार नाहीत, आणि डॉक्टरची गोळी सोडायची नाही, हे खरं. पण म्हणून टळू शकणारी उणीव स्वतःच्या हाताने घरात आणायची का? साधं आयोडीनयुक्त मीठ घ्या, बरणीचं झाकण घट्ट लावा, शेगडीपासून दूर ठेवा. उष्णतेने आणि दमट हवेने आयोडीन उडतं. प्रमाणात खा, पण तेच खा.

यापुढचं लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही.

आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी आहेत. आकडा पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, 2019 ते 21 चा. चौथ्या पाहणीत तो 48 होता. म्हणजे श्रीमंत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात तो वाढला. रक्तात लोह नाही, तर थायरॉईडचं एन्झाइम नीट चालत नाही. शरीर थकतं, केस गळतात, पाळी अंगावर जाते किंवा महिनोन् महिने येतच नाही. घरात मात्र आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि उरलं तर सून. कामतघरापासून वंजारपट्टीपर्यंत हे चित्र सारखं आहे. इथे धर्माचा, भाषेचा फरक मला दिसलेला नाही.

त्या घरातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी म्हणते, ‘आई, तीन महिने पाळी नाही आली.’ आई शेजारणीला विचारते आणि उत्तर ठरलेलं: ‘लग्न झालं की होईल बरोबर.’ होत नाही. पोटाचा घेर वाढलेला, मानेवर काळपट पट्टा, हनुवटीवर केस अशी लक्षणं बऱ्याचदा इन्सुलिन जास्त झाल्याची असतात. जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि बीज पिकत नाही. तिला नवरदेव शोधण्याआधी डॉक्टर शोधा. ताटातला मैदा आणि साखर कमी करा, डाळ-अंडी-भाजी वाढवा, रोज चालायला पाठवा. संध्याकाळी मुलीने एकटीने चालावं असा फुटपाथ या शहरात कुठे शिल्लक आहे, हा प्रश्न महापालिकेला.

अंड्याचा विषय निघालाच आहे तर तोही होऊन जाऊ दे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. आठवड्याला एक! जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा पैसा काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकवर्गणीतून द्या. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रथिन असतं, बी-12 असतं, जस्त असतं. वाढीच्या वयात शरीराला हार्मोन घडवायला आणि हाडं-स्नायू बांधायला लागणारा एवढा स्वस्त माल दुसरा नाही. ज्या पोराचा बाप मागावर आणि आई धागा भरायला, त्याच्या शाळेने वर्गणी मागायची कुणाकडे? हा निर्णय चुकीचा आहे आणि तो फिरवलाच पाहिजे. ज्यांना अंड्याचं वावडं आहे त्यांनी केळं खावं, दूध प्यावं. दुसऱ्याच्या पोराचं अंडं काढून घेऊ नये.

ही सगळी गोष्ट सुरू कुठून होते, ते पुण्याने जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. तिथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपलं बाळ इतकं बारीक, तरी चरबी मात्र राखून जन्मलेलं. स्नायू कमी, चरबी जास्त. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढं. 2004 मध्ये याज्ञिक यांनी ब्रिटनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून काय आहे, हे त्या एका पानाने सांगितलं. मागावरचा हाडकुळा कारीगर ‘मला कुठली शुगर!’ म्हणतो तेव्हा मला ते पान आठवतं.

आणि मुंबईने त्यावरचा एक उपायही करून पाहिला. 2006 मध्ये शहरातल्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी ‘सारस’ प्रकल्प सुरू केला. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या सहा हजारांहून अधिक बायका त्यात आल्या. निम्म्यांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ, बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. दिवस जाण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत. पालेभाजीवाल्या गटात गरोदरपणातला मधुमेह 7.3 टक्के बायकांना झाला, दुसऱ्या गटात 12.4 टक्के. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त रोजचा एक खाऊ. बाळाचं वजन सगळ्यांचं वाढलं नाही. ज्या बायकांनी दिवस जाण्याच्या किमान 90 दिवस आधी खाऊ सुरू केला होता त्यांच्यात मात्र ते सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं.

हे 90 दिवस आपल्या बहुतेक योजनांत बसत नाहीत. अंगणवाडीचा आहार, गरोदर मातांचं अनुदान, हे सुरू होतं ते गरोदरपणाची नोंद झाल्यावर. ती नोंद बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. तोवर बाळाचं स्वादुपिंड, थायरॉईड, मेंदू यांचा पाया पडून गेलेला असतो. नव्या नवरीचं नाव अंगणवाडी सेविकेच्या वहीत चढलं पाहिजे ते लग्न झाल्या झाल्या. विवाहाची नोंदणी महापालिकेतच होते. त्याच खिडकीवर तिचं हिमोग्लोबिन तपासायची चिठ्ठी द्या, लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या द्या, वस्तीतल्या अंगणवाडीत तिचं नाव कळवा आणि दुसऱ्या दिवसापासून तिला पालेभाजी-दुधाचा खाऊ सुरू करा. भिवंडी-निजामपूर महापालिकेला यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. स्थायी समितीत एक ठराव लागतो आणि अंदाजपत्रकात एक ओळ. पुढचं अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा ती ओळ मी शोधणार आहे. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला तुम्हीही विचारा.